नाणेघाटातला रांजण, नारायणगावच्या राहुट्या आणि क्लिकचे पैसे

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. गाडी चालवताना ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी "ते बोलीचं गणित परत सांग" असे मेसेज केले, म्हणून ते इथे आकड्यांसकट मांडलंय. बोलण्यातलं थोडं जास्तीचं छाटलंय, थोडं मुद्दाम राहू दिलंय.

विषय आहे गूगलवरच्या जाहिराती. म्हणजे कुणीतरी काहीतरी शोधतं, वर "प्रायोजित" लिहिलेला निकाल येतो, त्यानं त्यावर बोट ठेवलं की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. आणि मी हा विषय सांगणार आहे तो जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यानं. कारण हा धंदा कळायला कॅलिफोर्नियापेक्षा आपले दोन तालुके जास्त उपयोगी पडतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नाणेघाटापासून सुरू करू. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या पुढे, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर ही खिंड आहे. खाली मुरबाडची बाजू, वर पठार. सातवाहनांच्या काळात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या वाटेनं वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. खिंड ओलांडून आलं की माथ्यावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. व्यापाऱ्यानं यावं, नाणी टाकावीत, पुढे सरकावं.

त्याच खिंडीत एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा लेख आहे. राजघराण्यानं कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याची लांबलचक यादी. भारतात आकडे कोरलेले जे सगळ्यात जुने लेख आहेत, त्यांत हा मोडतो. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या, वर नावं कोरलेली. प्रतिमांचे आता पायच काय ते उरलेत.

म्हणजे बघा, एकाच जागी दोन गोष्टी आहेत. भिंतीवरचा लेख येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं बघावा म्हणून आहे. कुणी वाचला, कुणी नाही वाचला, त्याचा हिशेब कोण ठेवणार? आजच्या भाषेत ते होर्डिंग. आणि रांजण? रांजणाचा हिशेब माणशी, बैलामागे, गोणीमागे. जो ओलांडतो तो मोजतो. जो खालूनच परत फिरला त्याचा पैसा नाही.

पे-पर-क्लिक म्हणजे हा रांजण. फक्त एक फरक: तिथे माल घेऊन जाणारा स्वतः मोजायचा, इथे तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची जकात तुम्ही भरता. पण मूळ स्वभाव तोच. पैठणला तुमचा माल विकला गेला की तसाच पडून राहिला, याच्याशी जकातवाल्याला काही देणंघेणं नसतं. त्याचं काम घाटमाथ्यावर संपतं. हे एक वाक्य डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता ही जकात इंटरनेटवर आली कशी, ते पटकन सांगतो.

ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड नावाच्या वेबसाइटवर बॅनर जाहिराती लागल्या. त्या काळात पैसे दिसण्याचे घेत, हजार वेळा दिसली की अमुक डॉलर. म्हणजे नागनिकेची भिंत. १९९८ मध्ये बिल ग्रॉस नावाच्या माणसानं गोटू डॉट कॉम नावाचं सर्च इंजिन काढलं आणि उघडपणे सांगितलं की इथे जो जास्त पैसे बोलेल तो वर दिसेल, आणि पैसे क्लिक झाला तरच. निकालासोबत जाहिरातदार क्लिकला किती मोजतोय तेही लिहिलेलं असायचं! लोक हसले. शोधाच्या निकालात जागा विकायची म्हणजे अगदीच बाजारूपणा, असं तेव्हाचं मत होतं. या कंपनीचं नाव पुढे ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूनं ती विकत घेतली. गूगलनं आपली ॲडवर्ड्स ऑक्टोबर २००० मध्ये काढली, साडेतीनशे जाहिरातदारांवर, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तीही हजार दर्शनांमागेच पैसे घ्यायची. क्लिकचा लिलाव तिथे आला फेब्रुवारी २००२ मध्ये.

पण बिल ग्रॉसला जे सुचलं त्याचा गाभा पैशात नव्हता. गाभा असा की शोधणाऱ्या माणसानं आपल्या तोंडानं सांगितलेलं असतं, मला हे पाहिजे. त्याला काय पाहिजे याचा अंदाज बांधावा लागत नाही. आणि इथे मला थेट नारायणगावला जावं लागतं.

माझं आजोळ नारायणगावचं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना टोमॅटोमुळे माहीत असतं, पण महाराष्ट्रातल्या जुन्या माणसाला विचारा, तो म्हणेल तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच नारायणगावच्या, १९३५ ते २००२. चैत्राच्या आधी इथे राज्यभरातले फड येऊन राहुट्या ठोकतात. एका रांगेत. प्रत्येक राहुटीबाहेर फलक, त्यावर फडाचं नाव, मुख्य कलावंतांचे फोटो. आत गादी किंवा टेबल-खुर्ची, फडाचा मालक नाहीतर मॅनेजर, आणि समोर तारखांची वही.

आता या राहुट्यांमध्ये तमाशा होत नाही, हे आधी लक्षात घ्या. शहरातले मित्र माझ्याकडे येऊन विचारतात, "शो किती वाजता?" शो नाही. इथे सुपारी होते. (मुंबईकरांनो, दचकू नका. सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरवून दिलेला विसार. तुमच्या सिनेमांनी शब्दाची वाट लावली.)

तमाशा फडाचं उत्पन्न दोन प्रकारचं. तंबूचा फड दसऱ्याला बाहेर पडतो, गावोगाव तंबू ठोकतो, तिकीट लावतो. त्यासाठी दिवसभर जीपवर कर्णा लावून पंचक्रोशीत पुकारा करायचा: आज रात्री, अमुक फड, अमुक वगनाट्य. तो पुकारा सगळ्यांच्या कानावर जातो. कांदा काढणाऱ्या बाईच्या, शाळेतून येणाऱ्या पोराच्या, आजारी म्हाताऱ्याच्या, ज्याला तमाशाचा राग आहे त्या माणसाच्यासुद्धा. त्यांतून रात्री किती येतील हे तंबूचा पडदा उघडल्यावर कळणार. डिझेल मात्र सगळ्यांसाठी जळलेलं असतं.

दुसरा प्रकार यात्रांचा. चैत्र-वैशाखात गावोगाव ग्रामदैवताची यात्रा, आणि यात्रेला तमाशा हवा. गावानं वर्गणी काढलेली. तमाशा फुकट बघायचा, पैसे गाव देणार. मग गावातले चार-पाच जण गाडी करून नारायणगावला येतात. ही माणसं बघा कशी असतात. यात्रेची तिथी ठरलेली, ती पुढेमागे होत नाही. बजेट साधारण ठरलेलं. तमाशा घ्यायचा हेही ठरलेलं, खिशात विसाराचे पैसे आहेत. फक्त कुठला फड, एवढंच ठरायचं बाकी आहे. गूगलच्या चौकटीत "पौर्णिमेला तमाशा पाहिजे, एवढ्याच्या आत" असं टाइप करून आलेली ही माणसं आहेत. राहुट्यांची रांग म्हणजे निकालाचं पान.

म्हणून फड राहुट्या टाकायचा खर्च सोसतात. जीपचा पुकारा हजारोंच्या कानावर जातो आणि राहुटीत दिवसाला मोजकीच माणसं शिरतात, पण शिरणारा प्रत्येक जण घ्यायला आलेला असतो. ही गोष्ट फडमालकांना सर्च मार्केटिंग हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी कळलेली होती.

लहानपणी मामासोबत मी त्या रांगेतून हिंडलोय. मला आठवतं ते मॅनेजरचं पहिलं वाक्य. चहा सांगायच्या आधीच तो विचारायचा, "गाव कुठलं? तारीख कुठली?" दाम नंतर. कारण तारीख आधीच दिलेली असेल तर पुढची अर्धा तासाची बोलणी फुकट. आणि गाव लांब असेल तर आदल्या दिवशीच्या गावाहून ट्रक पोचेल का, हे त्याला बघायचं असतं. आमचे ऑफिसातले लोक ज्याला लीड क्वालिफिकेशन म्हणतात आणि त्यावर पन्नास स्लाइड बनवतात, ते हेच दोन प्रश्न.

फलकांबद्दलही सांगायलाच हवं. तमाशाच्या फलकावरची नावं कधी नीट वाचलीत? मंगला बनसोडे करवडीकर. काळू-बाळू कवलापूरकर. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. दत्ता महाडिक पुणेकर. नाव आणि गाव, कायम. "सुंदर लोकनाट्य" किंवा "सर्वोत्कृष्ट मनोरंजन" असलं कुणी ठळक लिहीत नाही, लिहिलं तर खाली बारीक. कारण येणाऱ्याच्या तोंडात नाव आणि गाव असतं. आणि "सह" हा शब्द! दोन नावांची पुण्याई एका फलकावर, म्हणजे दोघांपैकी कुणालाही शोधत आलेला माणूस याच राहुटीपाशी थांबणार. मी रोज कोड लिहितो, नावं कशी ठेवावीत यावर आमच्याकडे वाद होतात, पण इतकं काटकसरीचं नामकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

यावरून पहिली कामाची गोष्ट. तुमच्या जाहिरातीच्या मथळ्यात "निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव" लिहू नका. तसं कुणी शोधत नाही. "लेण्याद्रीजवळ मुक्काम, जेवणासह" असं लिहा. नाव आणि गाव.

हे मी कुणासाठी सांगतोय तेही बोलतो. २०१८ मध्ये सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत, नाणेघाट, माळशेज, धरणांचं पाणी. मग शेताच्या कडेला दोन खोल्या आणि चार टेंट टाकलेले कितीतरी जण आपल्या ओळखीत झाले. माझा मावसभाऊ त्यांतलाच. शेती सांभाळून मुक्कामाची जागा चालवतो. त्यानं एका एजन्सीला महिन्याचे पैसे बांधून दिले होते. दर महिन्याला त्याला रंगीत पीडीएफ यायची: इतके क्लिक, मागच्या महिन्यापेक्षा इतके वाढले. खोल्या मात्र रिकाम्याच. त्यानं मला विचारलं, "एवढी माणसं येतात ती जातात कुठं?"

मी खातं उघडलं आणि लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप करून क्लिक केलं होतं, ती यादी काढली. सर्च टर्म्स रिपोर्ट म्हणतात त्याला. गूगल सगळे शोध दाखवत नाही, २०२० पासून तर त्यातलं बरंच झाकून ठेवतं, पण जेवढं दिसतं तेवढं पुरतं. मंडळी, ती यादी वाचून मला हसावं की रडावं कळेना.

त्याचा एक कीवर्ड होता "शिवनेरी". आता शिवनेरी म्हणजे आपल्याला किल्ला. पण पुणे-मुंबईच्या माणसाला शिवनेरी म्हणजे एसटीची एसी बस! दादर, स्वारगेट, तिकीट, वेळापत्रक. त्या सगळ्यांच्या बोटाची जकात भाऊ भरत होता.

दुसरा "ओझर". आपलं ओझर विघ्नहराचं. पण नाशिकचा विमानतळ ज्या ओझरला आहे ते वेगळं. विमानतळावरून टॅक्सी शोधणारा माणूस आपल्या टेंटचे फोटो बघून परत गेला असणार.

तिसरा "भीमाशंकर". यात तर चार वेगवेगळी माणसं. ज्योतिर्लिंगाला जाणारा भाविक, ज्याला दर्शनाची वेळ हवी. खांडसवरून घाट चढणारा ट्रेकर. मुक्काम शोधणारं कुटुंब. आणि चौथा आंबेगाव तालुक्यातला ऊस उत्पादक, ज्याला भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचा भाव बघायचाय. शब्द एकच. त्यांतलं एकच आपलं गिऱ्हाईक, ते कुटुंब.

आणि "आंबेगाव". पुण्यात कात्रजच्या बाजूला आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द आहेत, तिथे लोक फ्लॅट शोधतात. आपला आंबेगाव तालुका, त्याचं मुख्यालय घोडेगाव, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. पाण्याखालच्या गावाच्या नावावर क्लिकचे पैसे भरणं, याला काय म्हणावं.

"जुन्नर" शब्दावर बिबट्याच्या बातम्या शोधणारे तर ढिगानं. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र प्रसिद्धच आहे, आणि ऊसपट्ट्यातली बिबट्याची बातमी वाचायला आलेला माणूस खोली बुक करत नसतो. उलट करणार असेल तर रद्द करील.

यातला एकही क्लिक खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. खोटे क्लिक असतातच. त्यावरून गूगलला २००६ मध्ये अमेरिकेत नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली होती. पण छोट्या माणसाचा पैसा जास्त जातो तो खऱ्या माणसांच्या, चुकीच्या राहुटीत शिरलेल्या क्लिकवर. रांजण भरतो, पैठणला काही विकलं जात नाही. आणि एजन्सीची पीडीएफ रांजणाचा फोटो दाखवते.

मग उपाय काय? सगळ्यात मोठा फायदा बोली वाढवून होत नाही, वगळण्याच्या शब्दांतून होतो. निगेटिव्ह कीवर्ड. त्या यादीत आम्ही घातलं: बस, तिकीट, वेळापत्रक, विमानतळ, टॅक्सी, फ्लॅट, कारखाना, ऊस, बिबट्या, स्टेटस, फोटो. देवनागरीत टाकलेला शब्द रोमनमध्ये लिहिलेल्या शोधाला अडवेलच असं नाही, म्हणून दोन्ही लिप्यांत टाकायचे. आपली मंडळी शोधतात रोमन अक्षरांत मराठी, आणि नाणेघाटाचं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. त्यानंतर सुटे शब्द काढून टाकले आणि जोडशब्द ठेवले: "शिवनेरी किल्ल्याजवळ मुक्काम", "लेण्याद्री हॉटेल जेवणासह", "माळशेज टेंट". शोधणारे कमी, पण विसार खिशात घेऊन आलेले.

ठिकाणाची एक सेटिंग आहे, तिच्यावरून बहुतेक लोक सरळ पुढे जातात. गूगल आपणहून जाहिरात दाखवतं ती त्या भागात "असलेल्या" आणि त्या भागात "रस असलेल्या" अशा दोघांनाही. मुक्कामाच्या धंद्याला जुन्नरमध्ये असलेला माणूस काय कामाचा? तो रात्री घरी जातो. म्हणून जुन्नर-आंबेगाव वगळायचं आणि पुणे, ठाणे, मुंबई, नाशिकमध्ये प्रत्यक्ष असलेल्यांनाच दाखवायचं. फळांचा स्टॉल असता तर नेमकं उलटं केलं असतं.

आता ते गणित. यासाठी ओतूरच्या नाहीतर मंचरच्या कांदा लिलावात उभे राहा. दहा किलोचा भाव बोलला जातो. व्यापारी बोली बोलायच्या आधी काय करतो? गोणीतला कांदा हातात घेतो, दाबून बघतो. गोळा कांद्याचा भाव वेगळा, गोल्टीचा वेगळा, बदल्याचा वेगळा. भाव आणि दर्जा एकत्रच ठरतात.

गोटूवर हे नव्हतं. तिथे नुसता पैसा. आणि जो बोललात तो पूर्ण भरायचा. त्यामुळे व्हायचं असं: पहिला ३१ सेंट, दुसरा ३०. दुसरा ३२ करतो, पहिला ३३. असं चढत चढत एका जागी दुसऱ्याला वाटतं, आता परवडत नाही, तो एकदम खाली येतो. मग पहिल्याला एवढे कशाला भरायचे, तोही खाली येतो. पुन्हा चढण सुरू. आलेख काढला तर करवतीचे दात. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हे दात खरोखरच मोजून दाखवले.

२००२ च्या लिलावात गूगलनं दोन बदल केले. एक, तुमची बोली कितीही असो, भरायचे तेवढेच, जेवढे खालच्याच्या वर राहायला पुरतील. या कल्पनेचं मूळ विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाच्या १९६१ च्या निबंधात आहे; त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं आणि घोषणेनंतर काही दिवसांतच ते वारले. गूगलचा लिलाव त्यांच्या लिलावाची हुबेहूब नक्कल नाही, पण घराणं तेच. दोन, कांदा दाबून बघायचा. तुमच्या जाहिरातीवर लोक खरंच क्लिक करतात का, हे क्रम ठरवताना धरायचं. पुढे २००५ पासून त्याला क्वालिटी स्कोअर म्हणू लागले.

समजा, तुमची बोली २० रुपये आणि दर्जा ४. गुणाकार ८०. शेजाऱ्याची बोली १२ आणि दर्जा ८. गुणाकार ९६. शेजारी वर. आणि तो भरतो किती? तुमच्या ८० ला त्याच्या ८ नं भागा: १० रुपये. तुम्हाला नुसत्या पैशानं त्याच्या वर जायचं असेल तर ९६ भागिले ४, म्हणजे २४ च्या वर बोलावं लागेल. त्याऐवजी जाहिरात आणि पान सुधारून दर्जा ८ केलात, तर १३ ची बोली पुरते आणि भराल साधारण १२. आज प्रत्यक्ष लिलावात आणखी बऱ्याच गोष्टी मिसळतात, कोण शोधतंय, कुठून, फोन की कॉम्प्युटर, पण सांगाडा हाच आहे.

दर्जा वाढतो कशानं? फलकावर जे नाव, तेच राहुटीत. "माळशेज टेंट" शोधलेला माणूस जाहिरातीतही माळशेज टेंट वाचतो आणि उघडलेल्या पानावरही टेंटचा फोटो, दर, माळशेजपासूनचं अंतर आणि फोनचं बटण बघतो. त्याला मुख्यपानावर आणून "आमच्याविषयी" वाचायला लावलंत की तो गेला. पान जड असेल तर आळेफाट्याच्या पुढे, जिथे नेटवर्क एक काडीचं, तिथे ते उघडेपर्यंत तो दुसऱ्या राहुटीत बसलेला असतो. आम्ही भावाच्या पानावरचा फिरता व्हिडिओ काढून टाकला. एजन्सीला तो फार आवडता होता.

आणि तिथी! फडवाले हे कधीच विसरत नाहीत. चैत्र पौर्णिमेला कितीतरी गावांच्या यात्रा एकाच दिवशी, म्हणून त्या रात्रीचा दर वेगळा. मधल्या रिकाम्या तारखेला तोच फड कमी पैशांत येतो. जाहिरातीचं बजेट मात्र लोक रोज सारखं ठेवतात. माळशेजचा शोध पावसाळ्यात चढतो. भीमाशंकरचा श्रावणात आणि महाशिवरात्रीला. ओझर-लेण्याद्रीचा चतुर्थीला आणि अष्टविनायक यात्रा करणाऱ्यांचा शनिवार-रविवारी. पण चढलेला प्रत्येक शोध आपला नाही. १९ फेब्रुवारीला शिवनेरीचा शोध आभाळाला भिडतो, त्यातल्या बहुतेकांना कार्यक्रम, पार्किंग नाहीतर थेट प्रक्षेपण हवं असतं. त्या दिवशी आम्ही "शिवनेरी" जोडशब्दाचीही जाहिरात बंद ठेवतो आणि ते पैसे त्याआधीच्या आठवड्यात, बुकिंग करणाऱ्यांवर घालतो.

एक गोष्ट फुकटची, आणि ती सगळ्यात आधी करा: गूगल मॅपवर आपल्या जागेची नोंद. नाव, गाव, फोन, खरे फोटो. आपल्याच नावानं शोधणाऱ्याची जकात भरायची वेळ येऊ नये. शेजारचा रिसॉर्टवाला तुमच्या नावावर बोली लावत असेल तरच तिथे थोडे पैसे ठेवा, आणि तुमचं नाव तुम्हाला त्याच्यापेक्षा स्वस्तच पडतं, कारण दर्जा तुमचा.

राहता राहिला हिशेब. गूगल क्लिक मोजतं, फोनच्या बटणावरचा टॅप मोजतं, अर्ध्या मिनिटाचा फोनसुद्धा मोजून देईल. पण आपल्याकडे व्यवहार फोनवर ठरतो आणि विसार यूपीआयनं येतो, त्यामुळे शेवटची पायरी मशीनला दिसत नाही. यासाठी मी भावाला सॉफ्टवेअर बनवून देणार होतो. त्यानं नको म्हटलं आणि दोनशे पानी वही आणली. रेघा मारून पाच रकाने पाडले: तारीख, कुठून फोन, काय शोधून आलात, कुठल्या तारखेला पाहिजे, विसार आला का. फोन उचलला की तो आधी गाव विचारतो आणि मग तारीख. महिन्याच्या शेवटी वही आणि खातं शेजारी ठेवून आम्ही बसतो. ज्या शब्दासमोर क्लिक आहेत पण दोन महिने विसार नाही, तो शब्द बंद. मागच्या वेळी "नाणेघाट" बंद केला. एका दिवसात येऊन जाणारे असतात ते, चहा पितात आणि पाणी भरून घेतात. त्यांच्यासाठी भावानं रस्त्याच्या कडेला पाटी लावलीय, पिठलं-भाकरीची, आणि तिला क्लिकचे पैसे पडत नाहीत.